हिवाळ्यात रात्री पायवाटेवर धावणं: कोण कोण करतं, आणि कसं?

सांजवेळ

तीन वर्षं झाली, डांबरी रस्ता सोडून मी मातीच्या पायवाटांवर धावते आहे. उन्हाळ्यात अडचण येत नाही, ऑफिस सुटल्यावरही बराच वेळ उजेड असतो. हिवाळा आला की मात्र घरी पोचेपर्यंत काळोख झालेला असतो. सकाळ मुलांच्या शाळेत जाते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस माझ्या वाट्याला येते ती फक्त रात्र.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा कपाळाला दिवा लावून गेले. वाट पायाखालची, कित्येक वेळा धावलेली. तरी दुसऱ्याच किलोमीटरला झाडाच्या मुळात पाय अडकून आडवी झाले. गंमत म्हणजे ते मूळ मला दिसलं होतं, पण ते किती वर आलंय हेच कळलं नाही. सगळी जमीन इस्त्री फिरवल्यासारखी सपाट दिसत होती.

घरात आता "बास झालं" असा सूर आहे. ट्रेडमिलवर माझं मन रमत नाही. पाय हलत राहतात आणि आपण कुठेच जात नाही. मला वाट हवी आहे. रात्री आणि थंडीत धावणाऱ्यांनी सांगा: दिव्याचं काय करता, कपड्यांचं काय करता, आणि एकटं असण्याचं काय करता?

पाऊलखूण

आधी गुडघा कसा आहे ते सांगा ताई. बाकीचं नंतर.

सांजवेळ

खरचटलंय फक्त. दोन दिवसांत बरा होईल. विचारलंत, बरं वाटलं.

काजवा

तुम्ही पडलात त्याचं कारण मूळ नाही, दिव्याची जागा आहे.

दिवा कपाळावर असला की उजेड आणि डोळे जवळजवळ एकाच ठिकाणाहून जमिनीकडे बघतात. दगडाची सावली दगडाच्या मागे पडते आणि दगडच ती आपल्यापासून झाकतो. सावली दिसली नाही की उंची-खोलीचा अंदाज येत नाही. तुमची "इस्त्री फिरवलेली जमीन" तीच. दिवा कमरेला बांधून बघा. उजेड खालून, तिरपा येतो, प्रत्येक मुळामागे लांब सावली पडते आणि ती वरून डोळ्यांना स्वच्छ दिसते. पहिल्याच दिवशी वाट खडबडीत दिसायला लागेल, म्हणजे ती जशी आहे तशी.

मी दोन दिवे वापरतो. कमरेचा मुख्य, कपाळाचा मंद. कपाळाचा दिवा वळणावर आणि फांद्यांसाठी लागतो, कारण मान वळेल तिकडे तो बघतो. शिवाय एक बंद पडला तर दुसरा असतो. दोन दिव्यांशिवाय रात्री वाटेवर जाऊ नये, या एका बाबतीत मी हटून बसतो.

आता खोक्यावरचे आकडे. "४० तास चालतो" असं लिहिलेलं वाचून फसू नका. एएनएसआय एफएल-१ या हातदिव्यांसाठीच्या अमेरिकी मानकात हा वेळ दिव्याचा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे त्यातले बरेच तास दिवा नुसता जिवंत असतो, उपयोगाचा नसतो. "इतके मीटर लांब" हे अंतरसुद्धा ०.२५ लक्सपर्यंतचं, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जिथे उरतो तिथवरचं. धावणाऱ्याला तेवढा पुरत नाही. त्यामुळे दोन्ही आकडे निम्मे धरून चालावं, असा माझा स्वतःचा हिशोब आहे.

वाटसरू

कंबर-दिव्याला +१. पण कमी उजेडाचा दिवा नको. मी हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्याच्या उजेडाचं माप) घेतलाय, रात्रीचा दिवस होतो. २०० लुमेनमध्ये उतारावर जीव मुठीत धरून उतरावं लागायचं.

काजवा

वाटसरू, दगडाळ उतारावर तुमचं बरोबर. पण पूर्ण वेळ हजारावर ठेवलात तर बॅटरी लवकर बसते आणि झोताच्या बाहेर भिंतीसारखा अंधार उभा राहतो. सपाटीला २००-३००, उताराला जास्त, असं वरखाली करत राहिलं की दोन्ही साधतं. आणि समोरून कुणी आलं की दिवा हाताने झाका हो. हजार लुमेन डोळ्यांत गेले की त्या माणसाला पुढची वाट दिसतच नाही.

वाटसरू

हे मान्य. परवाच एका सायकलवाल्या काकांना थांबून डोळे चोळावे लागले. मी माफी मागितली, पण चूक माझीच होती.

धुकट

धुक्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. धुक्यात कपाळाचा दिवा बंदच करा. डोळ्यांसमोरचे पाण्याचे थेंब उजळतात आणि पांढरा पडदा तयार होतो. दिवा जितका प्रखर तितका पडदा जाड. दिवा हातात घेऊन गुडघ्याच्या उंचीला धरायचा, मंद ठेवायचा आणि चालायचं. धुक्यात धावायचं नाही. माझ्या ओळखीची वाट मी धुक्यात दोनदा चुकलोय, दोन्ही वेळा वेग न सोडल्यामुळे.

थंडीत हेच आपल्याच श्वासाचंही होतं. वाफ दिव्यासमोर येते. तोंड किंचित खाली वळवून श्वास सोडला की कमी होतं.

चांदणवेडी

मी थोडी वेगळी बाजू मांडते. काजवा म्हणतात चांदण्याइतका उजेड पुरत नाही. धावायला नाही पुरत, चालायला पुरतो. आणि हिवाळ्याची पौर्णिमा म्हणजे वर्षातलं सगळ्यात भरघोस चांदणं! पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य जितका खालून जातो तितका चंद्र उंचावरून जातो. मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावल्या पायाशी गोळा होतात.

डोळ्यांना मात्र वेळ द्यावा लागतो. अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेडात बघणाऱ्या दंडपेशी हळूहळू जाग्या होतात आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने सगळी मेहनत वाया जाते. नकाशा बघायचा तर लाल दिवा, कारण दंडपेशींना लाल रंग फारसा कळतच नाही. अजून एक, अंधुक गोष्ट बघायची असेल तर तिच्याकडे थेट बघू नका, किंचित बाजूला बघा. नजरेच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतात. कृत्तिकांचा पुंजका असा तिरक्या नजरेने पाहिला की दोन-तीन चांदण्या जास्त मोजता येतात.

आठवड्यातून एक रात्र मी धावत नाही, दिवा विझवून नुसती चालते. पूर्वेला मृग वर येत असतो, त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो. सांजवेळ, एक रात्र असं करून बघा. अंधाराची ओळख झाली की त्याची भीती बरीच उतरते.

हिमकण

मी बर्फाच्या प्रदेशात राहतो, म्हणून थंडीचं मी सांगतो.

कपड्यांचा नियम सोपा: घरातून निघताना थंडी वाजली पाहिजे. बाहेर आहे त्यापेक्षा १० अंशांनी जास्त तापमान आहे असं धरून कपडे घालायचे. पहिली दहा मिनिटं कुडकुडाल, मग अंग तापेल. निघतानाच उबदार वाटलं तर वीस मिनिटांत घामाने आतून भिजाल, आणि थांबलात की तोच घाम अंगावर उलटतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. म्हणूनच सुती बनियन नको. सूत ओलं राहतं, अंगाला चिकटतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा अंगाबरोबरचा थर, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. टोपी आणि हातमोजे खिशात हवेतच.

वाऱ्याला विसरू नका. ५ अंश तापमान आणि ताशी ३० किमी वारा असला की उघड्या कातडीला ते शून्यासारखं लागतं. उणे १० असेल तर उणे २० सारखं. तेही कोरड्या कातडीला. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना वारा पाठीवर घ्या, म्हणजे घामेजलेलं अंग वाऱ्यासमोर येत नाही.

बॅटरी: थंडीत लिथियम-आयन बॅटरी लवकर मान टाकते. सुटी बॅटरी आणि फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. घरी आल्यावर बर्फासारखी गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची खराब होते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पाऊलखूण

"निघताना थंडी वाजली पाहिजे" हे मी कागदावर लिहून दाराला चिकटवलंय. दरवर्षी अर्ध्या वाटेत जाकीट काढून कमरेला बांधणारा मीच.

वाटसरू

हिमकण, अवांतर विचारतो. गोठलेल्या तळ्यावरून खरंच धावता येतं का? मला कायम कुतूहल वाटत आलंय.

हिमकण

येतं, पण आधी मोजून. पारदर्शक, काळपट दिसणारा बर्फ निदान १० सेंटिमीटर जाड हवा, तोही एका माणसाच्या चालण्यापुरता. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा, म्हणून दुप्पट जाडी हवी. वाहतं पाणी, झऱ्याचं तोंड, लव्हाळ्याच्या कडा इथे मी कधीच जात नाही. रात्री तर तळ्यावर मी जातच नाही, कारण बर्फाचा रंग दिव्यात ओळखू येत नाही.

आत पडलंच कुणी तर "१-१०-१" लक्षात ठेवतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, कारण गार पाण्याने धाप लागते. नंतरची साधारण १० मिनिटं हातपाय काम देतात, तेवढ्यात बाहेर यायचं. आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. लोक थंडीने लगेच मरतात असं नसतं, घाबरून पहिल्या मिनिटात पाणी गिळतात.

वाटसरू

वाचतानाच अंगावर काटा आला. मी काठावरूनच बघेन.

उत्तरवारा

बर्फाचा विषय निघालाच आहे तर स्कीबद्दल दोन ओळी. नॉर्वेत गावालगतच्या स्कीच्या वाटांवर खांबांवर दिवे असतात, लोक कामावरून आले की रात्री तासभर स्की करून येतात. म्हणजे सांजवेळ यांच्या अडचणीवर तिथे सगळ्या गावाने मिळून उत्तर शोधलंय. स्वीडनची वासालोपेत ही ९० किमीची स्कीशर्यत १९२२ पासून सुरू आहे. हिवाळा म्हणजे घरात बसायचे महिने, असं त्या लोकांच्या डोक्यातच नसावं.

वैद्यबुवा

मी डॉक्टर आहे आणि डोंगरी शर्यतींच्या वैद्यकीय पथकात काम केलंय. त्यामुळे जरा गंभीर लिहितो.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. त्याला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थांबलेले पाय एवढं पुरतं. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीची डोंगरी शर्यत होती. १७२ जण धावत होते. मे महिना, भर दिवस. डोंगरावर गारा, गार पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ जण गेले. त्यात कसलेले धावपटूही होते. अनेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि पातळ सदरा एवढंच होतं. झू केमिंग या मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन वाचवलं. त्या गुहेत कोरडी जागा आणि शेकोटी होती, त्यावर सहा जीव वाचले.

सुरुवातीची लक्षणं सोबत्यालाच आधी दिसतात. माणूस अडखळतो, पुटपुटतो, हातातून वस्तू पडतात, उगाच चिडतो. जाकिटाची साखळी (चेन) लावता येत नाही, ही माझी आवडती चाचणी आहे. तुम्हाला स्वतःच्या जाकिटाची साखळी दोन प्रयत्नांत लावता आली नाही तर परत फिरा. कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर लढतंय. उबेला न जाताच कुडकुडणं थांबलं, तर ती सुधारणा नव्हे, धोक्याची घंटा.

करायचं काय: वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढणं, धड आधी उबदार करणं, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय. हातपाय चोळू नका. दारू अजिबात देऊ नका, तिने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि उरलीसुरली ऊबही बाहेर जाते.

दमा असलेल्यांनी तोंडावर कापडी गळपट्टा ओढून घ्यावा. थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात. छातीत शिट्टी वाजल्यासारखं झालं तर ती रात्र चालत घरी.

काजवा

डॉक्टर, साखळीची चाचणी आजपासून माझी. फार मोलाचा प्रतिसाद.

रानमित्र

सगळ्यांचा उत्साह समजतो, तरी मी विरोधात लिहिणार आहे. धावणं अवश्य करा, पण रात्री जंगलाच्या वाटेवर नको.

२०१८ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जगभरच्या सस्तन प्राण्यांच्या ६२ जातींच्या नोंदी एकत्र करून बघितल्या. जिथे माणसाचा वावर जास्त तिथे प्राण्यांचं रात्री फिरण्याचं प्रमाण सरासरी १.३६ पट निघालं. म्हणजे दिवस आपण घेतला म्हणून त्यांनी रात्र धरली. आता आपण हजार लुमेन घेऊन त्या रात्रीतही शिरतोय. मग त्यांनी जायचं कुठे?

हिवाळ्यात तर जास्तच. बर्फाळ भागात खाणं कमी, साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे. दचकून एकदा पळालं तरी ती शक्ती भरून निघत नाही. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यापुरती काही जंगलं शांतता-क्षेत्रं म्हणून राखतात, तिथे वाट सोडून जायला मनाई असते. आपणही स्वतःहून एवढं पाळू शकतो.

वाटसरू

रानमित्र, मुद्दा पटतो, पण एक माणूस तासभर धावून गेला तर किती फरक पडणार? गाड्या रात्रभर जातात की.

रानमित्र

गाडी रस्त्याने जाते आणि प्राण्यांना रस्ता कुठे आहे ते माहीत असतं. पायवाटेवर रात्री माणूस येणं त्यांच्या हिशोबात नसतं. आणि एक माणूस म्हणता म्हणता या धाग्यावरच आपण किती जण झालोय बघा.

चांदणवेडी

मला रानमित्र यांचं म्हणणं लागलं. मी मधला मार्ग पाळते. वस्तीलगतची, दिवसा वर्दळीची वाट. दाट रानात रात्री नाही. संधिप्रकाशात पाणवठ्याजवळ तर नाहीच. आणि समोर डोळे चमकले तर दिवा खाली करून थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. त्याच्या मागे दिवा फिरवत राहायचं नाही.

धुकट

डोळ्यांवरून आठवलं. मला बरेच दिवस गवतात हिरवट-पांढरे ठिपके चमकताना दिसायचे. दव समजत होतो. एकदा वाकून बघितलं तर प्रत्येक ठिपक्याला आठ पाय! कोळ्यांच्या काही जातींच्या डोळ्यांतही मांजरासारखाच उजेड परतवणारा थर असतो. दिवा कपाळावर असेल तरच दिसतात, कारण उजेड आला त्याच दिशेने परत जातो. आता मी मुद्दाम मोजतो.

पाऊलखूण

आजपासून मी गवतावर बसणं बंद.

अनवट

सांजवेळ यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कुणीच नीट हात घातला नाही. एकटं असण्याचं काय?

मी बाई आहे, रात्री धावते, आणि मला भीती जनावराची नाही, माणसाची वाटते. ती खोटी आहे असं कुणी सांगायला येऊ नका. मी काय करते ते लिहिते. तीन मैत्रिणींचा गट आहे, आठवड्यातले दोन दिवस एकत्र. एकटी असले की वाट रोज बदलते, वेळही. कानात काही घालत नाही. गळ्यात शिट्टी असते. डोंगरात संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटात तीन. हे घरातल्या सगळ्यांना शिकवलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघताना घरी वाट आणि परतायची वेळ सांगते. "येईन तासाभरात" असं नाही, "साडेनऊला दारात" असं. साडेनऊला आले नाही तर काय करायचं तेही ठरलेलं आहे.

घरच्यांना पटवायला मला जॅस्मिन पॅरिस या ब्रिटिश धावपटूची फार मदत झाली. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या पेनाइन वाटेवरची २६८ मैलांची शर्यत तिने ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे. तिथे जानेवारीत दिवसाचे सोळा तास अंधार असतो. घरी तान्ही मुलगी होती, वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. हे ऐकल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मग तू तासभर जायला हरकत नाही."

वैद्यबुवा

अनवट, परतायची वेळ ठरवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. वाटेत पाय मुरगळला तर धावणारा माणूस बसतो, आणि बसला की पंधरा मिनिटांत गार पडायला लागतो. शोधायला लोक किती लवकर निघतात यावर सगळं असतं. खिशात घडीची चंदेरी आपत्कालीन चादर असू द्या, वजन नगण्य.

सांजवेळ

दीड महिन्याने परत लिहितेय. सगळे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले.

दिवा कमरेला बांधला. काजवा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, पहिल्याच रात्री वाट उठून उभी राहिली. कपाळाला मंद दिवा आहे. वेग कमी केलाय आणि अंतराऐवजी वेळ मोजते. एकदा धुकं आलं, चालत परतले. सुती बनियन बाद.

रानमित्र, तुमच्यामुळे वाट बदलली. आधीची ओढ्याकाठच्या झाडीतून जात होती. आता माळाच्या कडेची धरते. थोडी कंटाळवाणी आहे, पण आकाश मोठं मिळतं. ओढ्याची वाट रविवारी सकाळी.

अनवट, घरी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. नवरा म्हणाला, वेळ सांगून गेलीस तर मी काही बोलणार नाही. आज तो बाहेरगावी आहे आणि सोबतीला येणारी मैत्रीण आजारी. शेजारच्या काकूंना वाट सांगितली आहे, इथेही लिहिते: ८ वाजता निघतेय, ९ ला परत.

अनवट

नोंद घेतली. ९ ला बघते.

पाऊलखूण

मीही जागा आहे.

अनवट

९ वाजून ४ मिनिटं. सांजवेळ?

काजवा

वेग कमी केलाय म्हणाल्या होत्या. अजून पाच मिनिटं.

अनवट

पाच नाही, काकूंनी आता फोन करायला हवा. ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ.

सांजवेळ

आले, आले! काकूंचा फोन दारातच आला. अनवट, तुम्ही म्हणता तेच बरोबर, पुढच्या वेळी मी दहा मिनिटं आधी वळेन.

उशीर झाला कारण परतताना वाटेवर दोन डोळे चमकले. दिवा खाली केला, मग विझवला आणि उभी राहिले. बराच वेळ काही दिसेना. मग माळ दिसायला लागला, मग वाट, आणि वाटेच्या मधोमध बसलेला ससा. तो उठेपर्यंत थांबले. हात इतके गारठले होते की घरी आल्यावर जाकिटाची साखळी उघडायला तीन प्रयत्न लागले, डॉक्टर.

वैद्यबुवा

गरम काहीतरी प्या. आणि उद्यापासून जाड हातमोजे.